साडेअकरानंतरची गल्ली



इंग्लंडमधील एखाद्या वस्तीतील 'पब'च्या मालकास शुक्रवार-शनिवारच्या रात्री आपले दुकान आणखी एक तास उघडे ठेवावयाचे असेल, तर त्याला प्रथम एक साधे काम करावे लागते. अर्जाची सूचना फिकट निळ्या कागदावर छापून ती आपल्याच दारावर सलग २८ दिवस, जाणाऱ्या-येणाऱ्यास वाचता येईल अशी लावावी लागते. समोरच्या घरातील वृद्धा, वरच्या मजल्यावरील तान्ह्या मुलाची आई, पहाटे कामावर निघणारा बसचालक, असा कोणीही या मुदतीत स्थानिक परिषदेकडे आपले म्हणणे लेखी मांडू शकतो. आक्षेप आले आणि तडजोड झाली नाही, तर नगरसेवकांच्या छोट्या समितीपुढे सुनावणी होते. समिती वेळ वाढवून देते, नाकारते किंवा अटी घालते. दहानंतर खिडक्या बंद ठेवा, अंगणातील बाके अमुक वाजता रिकामी करा, अशा त्या अटी असतात.

ही व्यवस्था २००३ च्या कायद्याने आली आणि नोव्हेंबर २००५ पासून अमलात आहे. वेळा सैल करण्यासाठीच तो कायदा झाला, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याने परवाना देणाऱ्यापुढे चार कसोट्या ठेवल्या. गुन्हे व बेबंदपणा रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे रक्षण. ज्या समाजात मद्यपान हा कलंक मानला जात नाही, जिथे पब हा गावाच्या बैठकीचा भाग समजला जातो, त्या समाजालाही शेजाऱ्याची झोप विचारात घ्यावीशी वाटली. पाश्चात्त्यांचे अनुकरण करावयाचे म्हणून आपल्याकडे पब आले. तो निळा कागद मात्र विमानातून उतरलाच नाही.

आता आपल्या वाशीम जिल्ह्याकडे वळू. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात महानगरी अर्थाचे पब नाहीत. येथे आहेत ते परमिट रूम, बिअर बार आणि महामार्गावरील ढाबे. 'परमिट रूम' हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यातील 'परमिट' कशाचे, हे विसरून जातो. महाराष्ट्रातील मूळ कायदा आहे १९४९ चा, आणि त्याचे नाव आजही दारूबंदीचेच आहे. त्या कायद्याच्या दृष्टीने बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळण्याची सोय त्यामुळेच झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्यावर सोपविला आहे, आणि मद्याचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा वेळ वाढवून मागणारा जे मागतो ती सवलत असते, आणि सवलत देताना तिची किंमत कोण मोजणार, हे विचारणे रास्त ठरते.

सध्याची व्यवस्था अशी की, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूम रात्री दीड वाजेपर्यंत आणि त्याबाहेर साडेअकरापर्यंत चालू शकते. विदर्भात नागपूर आणि अमरावती येथे आयुक्तालये आहेत. वाशीमला पोलीस अधीक्षक आहेत, म्हणून वाशीमची वेळ साडेअकराची. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने इतर दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास हरकत नाही असे स्पष्ट केले, तेव्हाही मद्याची ठिकाणे त्यातून वगळली. येथवर सारे ठीक दिसते. परंतु वर्षाच्या शेवटी २४, २५ आणि ३१ डिसेंबर या तीन रात्रींसाठी शासनाचा आदेश निघत आला आहे, आणि त्यान्वये हीच परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडी राहू शकते. साडेअकराचे एकदम पाच. इंग्लंडमधील मालक तासाभरासाठी २८ दिवस दारावर कागद लावतो. आपल्याकडे साडेपाच तासांची सूट मंत्रालयातून येते, आणि गल्लीला ती कळते ती त्या रात्रीच्या गोंगाटातूनच.

याच ठिकाणी एक तुलना मनात येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. धार्मिक वा सांस्कृतिक उत्सवांसाठी राज्य शासन सूट देऊ शकते, पण वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा अधिक नाही आणि मध्यरात्रीच्या पुढे नाही. गणेशोत्सवाचे मंडळ असो वा नवरात्रातील गरबा, बाराला आवाज थांबतो आणि कार्यकर्ते निमूटपणे वायर गुंडाळतात. बंदिस्त सभागृहास या नियमात वेगळी वागणूक आहे, हा युक्तिवाद बारमालक करील आणि तो कायद्याला धरून आहे. मात्र बारचा खरा आवाज भिंतीच्या आत नसतोच. तो असतो बाहेर पडल्यानंतरचा. दुचाकीची किक, बिलावरून झालेली वादावादी, कोणाला तरी उगाच मारलेली हाक. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोटारसायकलच्या फाटक्या सायलेन्सरपुढे ती कितीशी टिकणार?

'वीकेंड' हा शब्दही मुळात नोकरदार शहराचा. वाशीमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हातात पैसा खेळतो तो सोयाबीन विकले गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या आसपास. वर्षाची उसनवारी, बियाण्याचे बिल, मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क, सगळे त्याच पैशाकडे डोळे लावून बसलेले असते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांतही वाशीम आहे. अशा जिल्ह्यात रात्रीचा आणखी एक तास म्हणजे गल्ल्यात आणखी काही नोटा, आणि त्या नोटा कोणत्या घरातून निघतात, हे त्या घरातील माउलीला ठाऊक असते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे; व्यसनापासून दूर राहण्याचा त्यांचा उपदेश तांड्यातांड्यांत सांगितला जातो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. ही शिकवण ज्या मातीत रुजली तेथे मतपरिवर्तनाला जागा आहे, म्हणूनच हा विषय हाती घेण्यासारखा आहे.

बारमालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तो बहुधा गावातलाच असतो, त्याच्या मुलांची शाळाही तीच असते. २०२३ मध्ये परमिट रूममधील मद्यावरील व्हॅट पाचावरून दहा टक्क्यांवर गेला, २०२५ मध्ये परवाना शुल्क वाढले, पाठोपाठ उत्पादन शुल्कही वाढले. १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील बारमालकांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. त्यांचे दुसरे गाऱ्हाणे अधिक खरे आहे. साडेअकराला परवानाधारकाचे दार बंद झाले की गिऱ्हाईक घरी जात नाही, ते ढाब्यावर जाते. तेथे ना परवाना, ना वयाची चौकशी. ढाब्यावर मद्य पिऊ देणारा मालक आणि पिणारा ग्राहक दोघेही कायद्याने दोषी आहेत, पण छापा पडतो तो अधूनमधून. याला उत्तर ढाब्यावरील नियमित कारवाई हे आहे. गल्लीतील दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवल्याने ढाबा बंद पडेल, ही आशा भाबडी आहे. आणि राज्याने तरी कोणत्या तोंडाने बोलावे? जून २०२५ च्या निर्णयातून १४ हजार कोटींचे वाढीव उत्पन्न अपेक्षिणाऱ्या तिजोरीला गिऱ्हाईक लवकर घरी जावे असे वाटण्याचे कारण नाही.

एका तासाने काय बिघडते, असे विचारले जाते. त्याचे उत्तर मोजलेले आहे. नॉर्वेतील १८ शहरांच्या अभ्यासात बंद होण्याची वेळ एक तासाने पुढे गेली की मारहाणीच्या नोंदी सुमारे १६ टक्क्यांनी वाढतात, असे आढळले. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात २००८ मध्ये पहाटे पाचची वेळ तीनवर, नंतर साडेतीनवर आणली गेली, तेव्हा शेजारच्या भागाच्या तुलनेत मारहाणीत ३७ टक्के घट दिसली. सिडनीने २०१४ मध्ये असेच कडक निर्बंध आणले आणि व्यापाराची हानी झाली म्हणून २०२० मध्ये मध्यवर्ती भागातून ते उठविलेही. म्हणजे मतभेद आहेत. पण तेथे चर्चा आकड्यांवर होते. वाशीममध्ये असा हिशेब मांडावयाचा तर पोलीस ठाण्यातील रात्री दहा ते दोनच्या तक्रारी वेगळ्या काढण्यापासून सुरुवात करावी लागेल.

पुण्यातील कल्याणीनगरचा अपघात कोणी विसरलेले नाही. १८ मे २०२४ हा शनिवार होता. रविवार उजाडण्यापूर्वी, पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. अल्पवयीन चालकाने त्याआधी दोन ठिकाणी मद्य घेतल्याचा पोलिसांचा आरोप आहे. निर्णय न्यायालय देईल. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयाची अट आहे. दुपारी जी अट पाळली जाते ती मध्यरात्री गर्दीत का सुटते, हे प्रत्येक परवानाधारकाने स्वतःला विचारावे. वाशीमचे रस्तेही आता निवांत राहिलेले नाहीत. अकोला-नांदेड महामार्ग मालेगाव आणि वाशीमवरून जातो, समृद्धी महामार्ग कारंजाजवळून. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढी मर्यादा ओलांडली की वाहन चालविणे गुन्हा ठरते, आणि तपासणीचे यंत्र घेऊन उभा असलेला हवालदार रात्री प्रत्येक फाट्यावर असू शकत नाही.

नागरिकांच्या हातात काहीच नाही, असे मात्र नाही. गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर गुप्त मतदान घेतले जाते, आणि निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडली तर दुकान बंद होते. हे अर्धे प्रमाण एकूण यादीचे असल्याने, बाहेरगावी मजुरीला गेलेल्या भगिनीची गैरहजेरीही दुकानाच्या बाजूने मोजली जाते. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत घोषणा केली, की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे बिअर वा वाईनचे दुकान काढण्यास संस्थेची ना-हरकत लागेल. म्हणजे दुकान यावे की नाही आणि जावे की नाही, यावर शेजाऱ्याचे मत विचारले जाऊ लागले. ते किती वाजेपर्यंत चालावे, यावर मात्र ते विचारले जात नाही. सर्वस्व पणाला लावून दुकान बंद पाडावे किंवा मुकाट्याने सोसावे, एवढेच दोन मार्ग उरतात. वेळेच्या अर्जाची सूचना दारावर लावण्याचा नियम झाला, तर मधला मार्ग मिळेल आणि पुष्कळ भांडणे मतपेटीपर्यंत जाणारच नाहीत.

तो नियम होईपर्यंत एक काम वस्तीला करता येण्याजोगे आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जिल्हाधिकारी, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक आणि पोलीस ठाणे यांना निवेदन द्यावे. त्यात घोषणा नकोत. दुकानापासून शाळा, दवाखाना आणि मंदिर किती पावलांवर आहे, गेल्या वर्षी कोणत्या रात्री किती वाजता गोंगाट झाला, पोलिसांना दूरध्वनी केव्हा केला आणि ते केव्हा आले, एवढे तारखांसह लिहावे. सह्या माता-भगिनींच्या आधी घ्याव्यात. आणि निवेदनाची एक प्रत त्या दुकानदाराच्या हातीही स्वतः जाऊन द्यावी; तो शेजारीच आहे, चहा विचारील.