विशेष शिक्षकाची नोंदणी आणि पाथरीची मुले

(पाथरी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



शाळेच्या पटावर नाव आहे, पण शिक्षण नाही, अशी मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. अंध मूल मागच्या बाकावर बसून नुसते ऐकते. कर्णबधिर मूल गुरुजींच्या ओठांकडे पाहत राहते. बौद्धिक अपंगत्व असलेले मूल दुपारची खिचडी खाऊन घरी जाते. हजेरीपुस्तकात मात्र तिघेही उपस्थित! 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क दिला. 2016 च्या कायद्याने ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तो 18 वर्षांपर्यंत नेला. हक्क कागदावर आला. तो मुलापर्यंत पोचविणारा शिक्षक कोठे आहे?

काही सहृदय मंडळी म्हणतात, या कामाला शिक्षण कशाला, माया हवी. माया हवीच, परंतु मायेने ब्रेल येत नाही. सहा टिंबांची ती लिपी पाटीत कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे लिहावयाची आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाची असते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला सदरा घालावयास शिकवायचे, तर त्या एका कृतीचे लहान लहान भाग पाडावे लागतात. पुष्कळदा शेवटच्या भागापासून आरंभ करावा लागतो, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. कर्णबधिर मुलाची भाषा शिकण्याची पहिली वर्षे वाया गेली, तर ती भरून काढणे फार कठीण. हे शास्त्र आहे, दयाधर्म नव्हे.

म्हणूनच संसदेने 1992 साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. बारावीनंतर विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवीनंतर विशेष शिक्षणाची बी.एड. मान्यताप्राप्त संस्थेतून पुरी करावयाची, आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव दाखल करावयाचे. नोंदणीवाचून हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत.

ही अट सैल करावी, साध्या शिक्षकांना चार दिवसांचे शिबिर द्यावे, म्हणजे काम भागेल, असे सुचविणारे आहेत. माझा त्यास स्पष्ट विरोध आहे. शिबिरे अवश्य घ्या. अपंगत्व वेळीच ओळखण्यास ती उपयोगी पडतील. परंतु शिबिर हा प्रशिक्षणाचा पर्याय नव्हे. श्रीमंताच्या मुलाला शिकलेला शिक्षक आणि ऊसतोड कामगाराच्या मुलाला शिबिरातला, ही विषमता आपण कशी मान्य करावी?

मग अडचण कोठे आहे? मानवत रोडवरून जाणारा लोहमार्ग एकीकडे मुंबईला आणि दुसरीकडे सिकंदराबादला पोचतो. मुंबईत 1983 साली श्रवणदोषासाठी आणि सिकंदराबादेत 1984 साली बौद्धिक अपंगत्वासाठी राष्ट्रीय संस्था निघाल्या. मान्यताप्राप्त महाविद्यालये मराठवाड्यातही आहेत. परंतु पाथरीच्या शेतमजुराच्या बारावी झालेल्या मुलीने शुल्क, वसतिगृह आणि दोन वर्षांची बुडालेली मजुरी यांचा हिशेब मांडला, की तिचा मार्ग तेथेच खुंटतो. जी मुलगी या मुलांची बोली जाणते, त्यांच्या आईशी घरच्यासारखे बोलू शकते, तीच नेमकी बाहेर राहते.

जी मंडळी शिकून आली, त्यांचे काय झाले? सर्व शिक्षा अभियान आणि पुढे समग्र शिक्षा यांमध्ये त्यांना वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर राबविण्यात आले. एका शिक्षकाने किती गावे फिरावीत, याला धरबंध राहिला नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा 10 मुलांमागे प्राथमिक स्तरावर आणि 15 मुलांमागे त्यापुढील स्तरावर एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने विशेष शिक्षकांची 4,860 पदे मंजूर केली. म्हणजे शाळांच्या एका केंद्राला एक. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु एका केंद्रात अनेक शाळा असतात आणि अपंगत्वाचे प्रकार कायद्याने 21 मानले आहेत. श्रवणदोषाचे शिक्षण घेतलेल्या एकट्या शिक्षकाने अंध मुलाला ब्रेल कसे शिकवावे?

तेव्हा आपले काम काय? पहिले, गावोगाव हिंडून मुलांची खरी यादी करा. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी मुलेही तीत आली पाहिजेत. दुसरे, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा : तालुक्यात नोंदणीकृत विशेष शिक्षक किती, कोणत्या अपंगत्वाचे, आणि प्रत्येकाकडे मुले किती? तिसरे, ग्रामीण गरीब विद्यार्थ्यांना या प्रशिक्षणासाठी पुरेसे विद्यावेतन आणि वसतिगृह मिळावे, आणि प्रशिक्षणानंतर कायम नेमणूक मिळावी, ही मागणी लावून धरा.

'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. 2022 साली राज्यात त्या नावाचे स्वतंत्र खातेही निघाले. शब्द बदलले, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. पण मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या बोटांखाली सहा टिंबे येईपर्यंत त्याच्या दृष्टीने काहीही बदललेले नाही, एवढे आपण विसरू नये.