शेवटचे पर्व



महाभारत घरात वाचू नये, वाचल्यास भांडणे होतात, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत. युद्ध संपले, धर्मराज सिंहासनावर बसला, की बहुतेकांचे महाभारतही तेथेच संपते. परंतु पुढची पर्वे राहतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभिलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तिच्यातले अठरावे, स्वर्गारोहणपर्व, अवघ्या पाच अध्यायांचे आहे. एका बैठकीत वाचून होते. मन मात्र त्यातून लवकर उठत नाही.

यादव आपसांत लढून मेले. द्रौपदी व चौघे भाऊ वाटेत पडले. धर्मराज एकटाच स्वर्गात पोचतो, तो समोर दुर्योधन वैभवात बसलेला! आपली माणसे कोठे, असे विचारल्यावर देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेने नेतो. तो परत फिरू लागतो, तोच काळोखातून विनवण्या येतात, की क्षणभर थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हांला बरे वाटते. ते आवाज कर्णाचे, भीमार्जुनांचे, द्रौपदीचे असतात. धर्मराज दूताला परत पाठवतो आणि स्वतः तेथेच राहतो.

पुढे इंद्र येतो, नरक मावळतो. द्रोणाशी केलेल्या कपटापायी हे दर्शन घडले, असा उलगडा होतो. कित्येकांना हा शेवट सोपा वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. तो नरक क्षणाचा आहे, हे थांबताना धर्मराजाला ठाऊक नव्हते. म्हणूनच त्या थांबण्याला मोल आहे.

आम्ही हे पर्व प्रथम चिंचवडला, रात्रपाळीहून आल्यावर वाचले. त्यापूर्वी आमच्या कारखान्यात टाळेबंदी झाली होती. ती उठली तेव्हा आम्हांस आत घेतले. आमच्याच खात्यातले सातजण बाहेर राहिले. फाटकापाशी त्यांतल्या एकाने हाक मारली. आम्ही मान खाली घालून आत गेलो. घरी चूल पेटायची होती, हे खरे. पण ओ देण्यास कोणी मनाई केली नव्हती.

पर्व वाचून झाल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला. त्या दिवसाविषयी दोघांपैकी कोणीच बोलले नाही.

पिंपरीपासून चाकणपर्यंत आज फाटके पुष्कळ आहेत, श्रोतेहो. शेवटचे पर्व अशुभ म्हणून टाळू नका. कोणाच्या हाकेला थांबायचे, हे ते विचारते. आम्हांस ते उशिरा कळले. आपणांस वेळेवर कळो, एवढेच सांगून आपली रजा घेतो.