ब्रदर

आज एका मित्राबद्दल बोलायचंय. नाव सांगणार नाही, कारण सांगितलं तर नांदेडहून फोन करून मला झापेल. तो तिथे एका दवाखान्यात नर्स आहे. दवाखान्यात पुरुष नर्सला 'ब्रदर' म्हणतात, म्हणून आम्ही मित्रही त्याला ब्रदरच म्हणतो.

आमची ओळख किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते, आणि दगड-मातीची घरं त्यांच्या अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. आम्ही तेव्हा लातूरला कॉलेजात होतो. मिळेल त्या टेम्पोत बसून मदतीला गेलो. वरून पाऊस, खाली चिखल. आणि तिथे हा पोरगा एका पत्र्याच्या आडोशाला लहान लेकरांना गोळा करून माकडाचे चाळे करून दाखवत होता. खरं सांगतो, मला राग आला. इथे माणसं मेलीत आणि हा हसतोय? संध्याकाळी पाहिलं, तर कुणाच्याच हातून घास न घेणारी ती लेकरं त्याच्या हातून जेवत होती. मी दोन दिवसांत हबकून घरी परतलो. तो मात्र तिथेच थांबला.

पुढे कामधंद्यात पडलो. तो नांदेडला, मी लातूरला. कधीमधी फोन व्हायचा, एवढंच.

मग काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, अण्णांना, लकवा झाला. एक बाजू पूर्ण गेली. आम्ही औषधं वेळेवर दिली, पण कूस बदलायची असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाठीच्या खाली जखम झाली, बेडसोर म्हणतात तो. वास यायला लागला. आणि मंडळी, ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही: मी अण्णांच्या खोलीत जायचं टाळायला लागलो. पैसे द्यायचो, बाई लावली होती, पण हात लावायचो नाही. किळस यायची, आणि किळस येते म्हणून स्वतःची लाज वाटायची.

ब्रदरला फोन केला. रविवारी तो लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं आला. खोलीत शिरतानाच म्हणाला, "काय अण्णा, झोपूनच राज्य करायलाव का?" अण्णा कित्येक दिवसांनी हसले. यानं जखम उघडली, सलाईनच्या पाण्यानं धुतली. तोंडाने गप्पा चालूच. मी दारात उभा. मला म्हणाला, "तिथं काय करायलास? हात धू अन् ये इकडं." आणि गॉज माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं, हा येईल आणि सगळं करून जाईल. त्यानं तसं केलं नाही. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, जखमेचा रंग कसा ओळखायचा, डॉक्टरला कधी बोलवायचं, सगळं मला शिकवलं. चार रविवार आला. पाचव्या रविवारी म्हणाला, "आता तुला येतंय. मी कशाला येऊ?"

हे तो कुठे शिकला? जामखेडला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं. दोघं वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत पुढचं शिकले आणि १९७० साली जामखेडला आले. बीडला लागून असलेला, दुष्काळी, नगर जिल्ह्यातला तालुका. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. सुरुवातीला १००० बाळांमागे १७६ दगावत होती. तीन दशकांनी तो आकडा तिशीच्या खाली आला. पाण्याच्या बोअर त्यांनी दलित वस्तीत पाडून घेतल्या, म्हणजे सगळ्या गावाला तिथेच यावं लागेल! १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं. पण ब्रदरला त्यांचं एकच पटलं होतं: आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या हाताला देऊन टाकायचं.

एकदा मी त्याला सरळच विचारलं, "राग मानू नको, पण लोक म्हणतात, तुम्ही हे सगळं धर्म वाढवायला करता." तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "अण्णांना अभंग कुणी लावून दिले रे मोबाईलवर? मीच ना? मी येशूसाठी करतो, ते लपवत नाही. त्यानं शिष्यांचे पाय धुतले. त्यात दगा देणाराही होता, त्यालाही वगळलं नाही. मग मी कोण निवड करणारा?" मग थोडं थांबून म्हणाला, "आणि तुला वाटतं मला घाण वाटत नाही? वाटते की. पण माणूस बरा वाटून हसला ना, की मला जे मिळतं, ते पगारात मिळत नाही."

अण्णांची जखम भरली. पुढे आठ महिन्यांनी ते गेले. शेवटची आंघोळ मीच घातली, आणि हात थरथरले नाहीत. तो दारातला माणूस तसाच दारात राहिला असता, तर आयुष्यभर ते ओझं वागवलं असतं मी. ब्रदरनं अण्णांची सेवा केली, हे खरंच. पण जास्त सेवा त्यानं माझी केली.

परवा आमच्या गल्लीत एका मावशींना असंच झालं. त्यांचा मुलगा दारात उभा होता. मी म्हटलं, "हात धू अन् ये इकडं."

तुमच्याही घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आज एकदा त्यांच्या खोलीत जा, जवळ बसा, कूस बदलून द्या. हसत गेलात तर उत्तमच.