लग्नाचा फोटोग्राफर ठरविताना
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त कुक्षी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपण कोणत्या विषयावर बोलणार, असे विश्वस्तांनी विचारले तेव्हा आम्ही 'लग्नाचा फोटोग्राफर' असे उत्तर दिले, आणि दोघेतिघे हसले. शाळामास्तराने शिक्षणावर बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु आपल्या घरांतील लग्ने आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आचारी ठरविण्यापूर्वी आपण चार घरी चौकशी करतो, मांडववाल्याशी दोनदा घासाघीस करतो, सोनाराकडे तर सारे घर जाते. फोटोग्राफर मात्र 'ओळखीचा मुलगा आहे, करील चांगले' एवढ्यावर ठरतो. या 'करील चांगले'ची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हा विषय.

काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीचा निकाह झाला. फोटोग्राफर तोंडी ठरला. विसार दिला, पावती घेतली नाही. ऐन दिवशी तो स्वतः आलाच नाही. त्याच तारखेचे दुसरे मोठे काम त्याने घेतले होते, आणि आमच्याकडे एक शिकाऊ मुलगा पाठविला होता. त्या मुलाजवळ एक कॅमेरा व त्यात एकच कार्ड. रुखसतीनंतर आठ दिवसांनी कळले की कार्ड बिघडले आणि दुपारपर्यंतचे सर्व फोटो गेले. इजाब-कबूल गेले, निकाहनाम्यावरच्या सह्या गेल्या. आमचे अब्बा त्या दिवशी कित्येक वर्षांनी शेरवानी घालून बसले होते, आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दुआ दिली होती. तेही गेले. चार महिन्यांनी अब्बांचा इंतकाल झाला. घरात ठेवण्यास त्यांचा फोटो शोधू लागलो, तो हाती लागला ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून घेतला आहे. भाची माहेरी आली म्हणजे त्या फोटोकडे फारसे पाहत नाही.

दोष त्या मुलाचा नव्हता, आणि सगळा त्याच्या मालकाचाही नव्हता. आम्ही काही विचारलेच नव्हते.

तर काय विचारावे? प्रथम, नमुन्याच्या अल्बमला भुलू नये. दहा लग्नांतून निवडलेले वीस फोटो कोणाचेही सुंदर दिसतात. एकाच लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवा, असे म्हणावे. शक्यतो रात्रीच्या लग्नाचे. मांडवात एकीकडे पिवळे दिवे, दुसरीकडे निळेजांभळे फिरते दिवे, आणि वरातीत तर डोळे दिपविणारी रोषणाई. अशा उजेडात माणसाच्या चेहऱ्याचा रंग राखणे हीच या धंद्यातील खरी परीक्षा आहे. शिवाय पंगतीतली वडीलधारी माणसे, मामा, मावशा, लहान मुले फोटोंत दिसतात की केवळ वधूवरांच्याच ऐटी आहेत, हेही पाहावे. मग विचारावे की आपण स्वतः येणार की दुसऱ्यास पाठविणार? दुसरा येणार असेल तर त्याचे काम दाखवा. बरोबर जादा कॅमेरा असतो काय? एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवून घेणारे कॅमेरे आता मिळतात. आपला तसा आहे काय? चांगला कारागीर अशा प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही आधीच कळले हे बरे.

ही उत्तरे कागदावर उतरवून दोघांनी सही करावी. तारीख, किती तास, कोण येणार, अल्बमची पाने किती, फोटो किती दिवसांत मिळणार, मूळ फाइली मिळणार की नाही. पैसे तीन हप्त्यांत द्यावे, आणि शेवटचा हप्ता सर्व काही हाती पडल्यावरच. तो फार लहान ठेवू नये. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. ओळखीच्या माणसाकडून कागद कसा लिहून घ्यावा, असा संकोच वाटतो खरा. परंतु ओळख टिकावी म्हणूनच तो लिहावा, असे आमचे मत झाले आहे. कारण त्या फोटोग्राफरचे नि आमचे बोलणे आज बंद आहे.

येथे कायद्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्या समजुतीप्रमाणे फोटो ज्याने काढला त्याचा. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 17 वे कलम निराळे सांगते. मोबदला देऊन आपण कोणाकडून फोटो वा चित्रफीत काढवून घेतली, तर उलट करार नसल्यास त्यावरचा पहिला हक्क आपला, म्हणजे काढवून घेणाऱ्याचा. 'उलट करार नसल्यास' हे शब्द मात्र ध्यानात ठेवावे. पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत काय छापले आहे ते सही करण्यापूर्वी वाचावे. आणि हक्क आपला असला तरी मूळ फाइली आपल्या हाती द्याव्यात असे हे कलम म्हणत नाही. ते आपणच लिहून घ्यावयाचे. कबूल केलेले काम झालेच नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते. मुदत दोन वर्षांची. पण पावतीवाचून तेथे उभे राहणे कठीण, हे आम्हांस फार उशिरा उमजले.

आता नाजूक भाग, बायकांच्या फोटोंचा. आपल्या माळव्याशी संबंध असलेली एक गोष्ट या ठिकाणी आठवते. राजा दीनदयाळ हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म 1844; शिक्षण रुडकीस. इंदूरला बांधकाम खात्यात ते नकाशे काढण्याच्या नोकरीवर होते आणि कॅमेरा त्यांनी इंदूरलाच हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांस आश्रय मिळाला. पुढे ते हैदराबादेस निजामाच्या पदरी गेले. तेथे 1892 साली त्यांनी केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. गोषातील स्त्रियांना तेथे संकोचावाचून फोटो काढून घेता येत. त्या काळी जे सुचले ते आज अवघड असू नये. फोटो काढणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत. मेंदी, हळद आणि बायकांच्या बैठकीपुरती तरी त्यांची सोय होते काय, हे विचारावे. आणि कागदावर एक ओळ अवश्य घालावी, की आमच्या घरातील स्त्रियांचा फोटो विचारल्यावाचून दुकानात लावू नये, जाहिरातीत वा मोबाईलवर फिरवू नये. ही अट केवळ आम्हां मुसलमानांच्या घरची आहे असे कोणी समजू नये.

तसेच नवरीस गोरी करून देण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यास साफ नकार द्यावा. आमच्या ओळखीच्या एका घरी अल्बम आला, तेव्हा नवरीच्या आजीने 'ही कोणाची मुलगी?' असे विचारले.

फाइली हाती आल्या म्हणजे काम संपले असे नाही. दीनदयाळांच्या काचेच्या पट्ट्या इतक्या टिकल्या, की दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 साली त्यांतील 2,857 मिळविल्या. आपल्या फोटोग्राफरचा संगणक भरला की तो जुनी लग्ने पुसून टाकतो. त्याचाही इलाज नसतो. म्हणून एक संच घरी आणि एक परगावच्या नातलगाकडे ठेवावा. आपल्या शेजारचे निसरपूर 2019 साली सरदार सरोवराच्या पाण्यात गेले. तेथील कित्येक अंगणे आता असलीच तर कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोंत आहेत.

आणि आणखी एक. फोटोग्राफर घरी आलेलाच असतो. गर्दी होण्यापूर्वी सकाळी दहा मिनिटे त्यास मागून घ्यावी. खिडकीजवळ खुर्ची मांडावी आणि घरातील प्रत्येक वृद्धाचा एकेक फोटो निवांत काढवून घ्यावा. सुरकुत्या पुसू नका, असे सांगावे. यास वेगळे पैसे मागितले तर द्यावे.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भाचीच्या लग्नाच्या वेळी आम्ही असा एक कागद तयार केला आणि नव्या फोटोग्राफरपुढे ठेवला. तो तरुण होता. त्याने सगळा वाचला, दोन ठिकाणी खुणा केल्या, आणि म्हणाला, "सर, आमचीही एक अट घाला." मग स्वतःच्याच पेनाने खाली लिहिले : 'फोटोग्राफर व त्याचे दोन मदतनीस यांना जेवण वरात येण्यापूर्वी मिळावे.' आम्ही सही केली, आणि आपांना सांगून त्यांची पाने सर्वांत आधी वाढविली.