गड आणि गळा
(सटाणा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गाणे शिकविणाऱ्याने आज गडांविषयी बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु सुटीच्या दिवशी मनुष्य आपखुशीने जे करतो, त्यावरून कामाच्या दिवशीचे त्याचे हेतू पुष्कळसे ओळखता येतात, असा आमचा अनुभव आहे. तो आम्हांस भूषणावह मात्र नाही.

बागलाणात राहून डोंगरांचे वेड न लागणे कठीण. मुल्हेर, मोरा, हरगड आपल्याच तालुक्यातले. आणि १५६७ मीटर उंचीचा साल्हेर तर महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. आम्ही हे गड चढलो ते मोजण्यासाठी. माथा किती वेळात गाठला, ते वहीत टिपावयाचे. दुसऱ्या वहीत आमच्या वर्गातील परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांची नावे. दोन्ही वह्यांमागची हाव एकच होती, हे ध्यानी यावयास वर्षे लागली.

एकदा विद्यार्थ्यांसह वाघांब्याकडून साल्हेर चढत होतो. एक मुलगी मागे पडली. वर्गातही ती मागेच असे. साल्हेर-सालोट्यामधल्या खिंडीत तिला एका सोबतिणीजवळ बसवून आम्ही पुढे गेलो, परशुरामाच्या मंदिराशी पोहोचलो, घड्याळ पाहिले, उतरलो. खिंडीत येतो तो ती स्वतःशीच भूप गात होती. वर्गात कधी न लागलेला गांधार तेथे स्वच्छ लागला होता! कारण साधे होते. वर्गाच्या सोयीसाठी आम्ही सर्व मुलींना काळी पाचात गावयास लावीत असू. तिचा गळा काळी तीनचा. तरीही आमच्या तोंडून निघाले ते एवढेच, “तुझा माथा राहिला.” महिन्याभरात तिने वर्ग सोडला.

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे सामान्य घरांत पोहोचावे म्हणून. परीक्षांचा आम्हांस राग नाही. पण हल्ली आम्ही प्रथम प्रत्येकाची पट्टी शोधतो, त्यात दोन-तीन महिने जातात. “यंदा परीक्षेस का बसविले नाही?” असे विचारणारे पालक याच सभेत आहेत, त्यांना आमचे उत्तर हेच.

त्या मुलीच्या घरी आम्ही पुढे गेलो, चूक कबूल केली. तिच्या वडिलांनी चहा दिला. पेटी त्यांनी विकून टाकली होती.

दिवाळीच्या सुटीत पुन्हा साल्हेरास जावयाचे आहे. मुलांना अवश्य पाठवावे. आम्ही सर्वांच्या मागून चालणार असल्यामुळे परतावयास उशीर होईल, तेव्हा भाकरी दोन वेळच्या द्याव्यात.