ईस्टरच्या अंड्यांचा शोध
ईस्टरच्या रविवारी अंडी लपवून मुलांना शोधायला लावण्याची प्रथा मूळची जर्मन. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात पूर्वी अंडी वर्ज्य असत. कोंबड्या मात्र अंडी घालतच राहत, त्यामुळे सणाला ती भरपूर साठलेली असत. ससा अंडी लपवतो, ही समजूत एका जर्मन वैद्याने १६८२ साली नोंदवली. १८३३मध्ये राजकन्या व्हिक्टोरियासाठी तिच्या जर्मन आईने लंडनमध्ये हा खेळ मांडला.

घरी हा खेळ मांडताना खरी मौज तयारीचीच. आदल्या संध्याकाळी कांद्याच्या सालींत अंडी उकडून तांबूस रंगवण्यात सगळे घर गुंतते. लहानग्यांची अंडी गवतात, सहज दिसतील अशी ठेवावीत. मोठ्यांची फांदीच्या बेचक्यात. प्रत्येकाला वेगळा रंग नेमून दिला, की चपळ मूल सगळी पटकावत नाही. अंडी लपवलेल्या जागा लिहून ठेवाव्यात. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेली उकडलेली अंडी खाऊ नयेत.