दुखणे बरे होत नाही तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मेळाव्यात परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींचे शिक्षण यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती रास्त आहे. मी मात्र आजारपणावर बोलणार आहे. तेही अशा आजारपणावर की ज्यात डॉक्टरांनी 'आता यांना घरी घेऊन जा' असे सांगितलेले असते. हा विषय शाळेच्या आवारात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर शाळेच्या हजेरीपटातच आहे. आठवी-नववीतली एखादी हुशार मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर येईनाशी होते. चौकशी केली तर कळते की दादी अंथरुणाला खिळली आहे, अम्मी कामावर जाते, अब्बा बाहेरगावी आहेत, आणि दादीला कुशीवर वळवायला, पाणी पाजायला घरात दुसरे कोणी नाही. दादी काही महिन्यांनी अल्लाहला प्यारी होते. मुलगी शाळेत परत येत नाही. तोपर्यंत तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

तिमारदारी हे आपल्याकडे पुण्याचे काम मानले जाते आणि ते तसे आहेच. पण त्याचा सगळा भार घरातल्या एका मुलीवर टाकून बाकीच्यांनी पुण्याचे वाटेकरी व्हावे, हे मला मान्य नाही. म्हणून या प्रश्नात शासनाने काय करावयाचे आणि आपण काय करावयाचे, याचा विचार आज करू.

बऱ्या न होणाऱ्या रोगातही वेदना कमी करणे, जखम स्वच्छ ठेवणे, उलटी, धाप व बद्धकोष्ठ यांवर उपाय करणे, रुग्णाची भीती ऐकून घेणे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणे, या सेवेला पॅलिएटिव्ह केअर असे नाव आहे. मराठीत उपशामक सेवा म्हणतात. ती केवळ मरणाऱ्यासाठी नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतानाही ती देता येते. लकवा झालेला माणूस, मूत्रपिंड निकामी झालेला माणूस, पाठीला जखमा झालेली म्हातारी, या सर्वांना तिची गरज असते. आधुनिक काळात या विचाराला जोर आला तो सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले तेव्हापासून. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना आश्रम निघाला, १९९७ साली पुण्याला सिप्ला कंपनीच्या मदतीने केंद्र निघाले. ही कामे मोठी आहेत. पण गेवराईच्या किंवा धारूरच्या माणसाला मुंबई-पुणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगावयास नको.

आपल्या जिल्ह्याची अडचण आणखी एक आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि मुले. कर्त्या माणसांविना सहा महिने काढणाऱ्या गावात अंथरुणावरचा रुग्ण कोणी पाहावयाचा? मोठ्या उपचाराला आष्टीकडची माणसे अहिल्यानगरला जातात, दक्षिणेकडची बार्शीला, बाकीची छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात. बीड शहरापासून ते अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा जाईल, दोनदा जाईल. वेदनेच्या गोळीसाठी दर पंधरवड्याला कोण जाणार? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेक गरिबांची घरे वाचवली आहेत यात शंका नाही. परंतु अशा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. घरी पडून असलेल्या माणसाकडे येणारी परिचारिका हा वेगळाच प्रश्न आहे.

आता त्या गोळीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण खरे अडले आहे ते इथे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. साध्या गोळीने भागले नाही तर पुढची पायरी, शेवटी मॉर्फिन. ते अफूपासून बनते. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि तो माल परदेशातील औषधांसाठीही जातो. जगाच्या वेदनेला आपण कच्चा माल पुरवला आणि आपली माणसे विव्हळत राहिली! याचे कारण १९८५ सालचा अमली पदार्थ विरोधी कायदा. हेतू चांगला होता, पण परवाने इतके आणि शिक्षेची धास्ती इतकी की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याचा औषधी वापर नाममात्र उरला. डॉक्टरांची एक पिढी हे औषध हाताळावयास न शिकताच तयार झाली.

संसदेने २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरली, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला ती ठेवण्यासाठी आता अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. म्हणजे कायद्याची अडचण बरीच दूर झाली. मनातली मात्र राहिली. 'गोळीची सवय लागेल', 'एकदा ती गोळी सुरू झाली म्हणजे संपलेच', 'अफूची वस्तू हराम तर नाही?' असे प्रश्न घरोघर विचारले जातात. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही असा अनुभव आहे. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध द्यावे लागते. साधी गोळी दर चार तासांनी घ्यावी लागते. दुखू लागल्यावर घेऊ असे म्हणून चालत नाही. हरामच्या शंकेबद्दल मी मुफ्ती नाही. इतके सांगू शकतो की सौदी अरबस्तानातील कर्करोग रुग्णालयांतही हे औषध दिले जाते, आणि गरजेच्या वेळी औषधाला सवलत असल्याचे उलेमा सांगत आले आहेत. शंका असेल त्याने आपल्या मौलानांना विचारावे, पण रुग्णाला ताटकळत ठेवून नव्हे.

याच अनुषंगाने एक गोष्ट. रमजानमध्ये असे रुग्ण रोजा धरण्याचा हट्ट करतात आणि घरच्यांना मोडवत नाही. चार तासांची गोळी चुकते, संध्याकाळपर्यंत माणूस तळमळतो. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिली आहे. नमाज पडून, इशाऱ्याने अदा करता येते, वजू जमत नसेल तर तयम्मुम आहे. हे घरातल्या लहानाने सांगितले तर म्हातारी माणसे ऐकत नाहीत. जुम्याच्या बयानात सांगितले तर ऐकतील.

आता शासनाकडे वळू. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे. केरळने २००८ साली उपशामक सेवेचे धोरण केले. त्यानंतर २०१२ साली ते करणारे महाराष्ट्र हे दुसरे राज्य. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या सेवेला स्थान मिळाले, आणि आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्र पातळीवरच्या ज्या बारा सेवा ठरल्या त्यांतही ती आहे. कागदावर आपण मागे नाही. तरीही देशात ज्यांना या सेवेची गरज आहे त्यांपैकी शंभरात चारांनाही ती मिळत नाही, असा जाणकारांचा अंदाज आहे.

मग केरळला काय साधले? कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी संस्था काढली. पुढे त्यांच्या लक्षात आले की दवाखान्यात बसून हे काम होणार नाही. शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात गल्लीतल्या माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवण्यास सुरुवात झाली. मलप्पुरम हा मुस्लिम बहुसंख्येचा जिल्हा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. दुकानांतून डबे ठेवले गेले, व्यापाऱ्यांनी, हमालांनी, कॉलेजच्या मुलांनी थोडे थोडे पैसे घातले. लोक आधी कामाला लागले, आणि मग ते धोरण आले ज्याने बहुतेक सर्व ग्रामपंचायतींत घरी जाणारी परिचारिका दिली. आपल्याकडे क्रम उलटा झाला. धोरण आधी आले आणि ते मागणारे लोक अजून तयार व्हावयाचे आहेत. मागणी नसलेली योजना कोणत्याही कार्यालयात मागेच पडते. यात अधिकाऱ्यांना दोष देऊन फारसे काही हाती लागत नाही.

लोकांना माहिती दिल्याने काय फरक पडतो, हे पाहावयाला केरळपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा हे तीन तालुके तिच्यात होते. कार्यकर्ते केवळ आकडे लिहून परतले नाहीत. ते गावागावात बसून लक्षणे सांगत, बायकांना अवेळी रक्तस्राव होत असेल तर तो लपवू नका म्हणत, आणि तपासणीला बार्शीच्या रुग्णालयात आणत. थोड्याच वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. १९९५ साली हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. महागडे यंत्र न लागता हे झाले. भूम-परांड्याचे गाव आणि पाटोद्याचे गाव यांत असा काय फरक आहे?

शिवाय आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालय आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, गावात आशाताई आहेत. इमारत नाही, माणूस नाही, असे म्हणण्याची पाळी पुष्कळ ठिकाणी येते. परंतु आपण तिथे जाऊन नेमके काय मागतो, हेही पाहिले पाहिजे. 'काहीतरी करा डॉक्टरसाहेब' एवढेच आपण म्हणतो. त्याऐवजी विचारावे की उपशामक सेवेची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते, तिची जबाबदारी कोणाकडे आहे, तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन ठेवण्याची मान्यता या रुग्णालयाने घेतली आहे काय, आणि आमच्या गावच्या आरोग्य केंद्राची परिचारिका घरी कधी येईल. अमुक एक सेवा धोरणात आहे हे ज्याला माहीत असते, त्याच्याशी बोलण्याची पद्धत आपोआप बदलते. आपले पुष्कळसे पालक उर्दू वाचतात, मराठीत अर्ज लिहिताना मागे सरतात. इथे विद्यार्थ्यांनी पुढे व्हावे.

विद्यार्थ्यांनी रुग्णाला इंजेक्शन द्यावे असे मी म्हणत नाही. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावणे, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घरच्यांना समजावून देणे, आठवड्यातून एकदा तासभर रुग्णाजवळ बसणे म्हणजे त्या घरच्या मुलीला शाळेचा राहिलेला अभ्यास करता येईल, एवढे दहावीच्या मुलाला सहज जमते. अयादतीला आपण सगळेच जातो. पण दहाजण एकदम जातो, रुग्णासमोर 'किती वाळला' म्हणतो, चहा पितो आणि निघतो. त्या घराला चहाचा खर्च तेवढा होतो.

आपल्या इतिहासात याहून चांगले दाखले आहेत. कैरो शहरात सुलतान कलावूनने १२८४ साली मोठे बिमारिस्तान बांधले आणि ते चालावे म्हणून त्याच्यासाठी वक्फ करून दिला. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना तेथे दार उघडे होते. रुग्णसेवेला राज्यकर्त्याने कायमची आर्थिक तरतूद करून द्यावी, ही कल्पना आपल्याला नवी नाही. आजचा राज्यकर्ता म्हणजे लोकांनी निवडलेले शासन, इतकाच फरक. जकात-सदक्याच्या पैशातून वॉटरबेड, खाटा, ड्रेसिंगचे सामान गल्लीत ठेवता येईल, आणि जातपात-धर्म न पाहता लागेल त्याला देता येईल. पण परिचारिकेचा पगार आणि मॉर्फिनचा साठा हे शासनाचेच काम आहे, ते आपण धर्मादायावर घेऊ नये. घेतले तर शासन सुटते.

संस्थेला माझी सूचना अशी की तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावयाचा एक अर्ज या सत्रात तयार करावा. त्यात कोणा रुग्णाचे नाव घालू नये. कोणत्या गावात, कोणत्या मोहल्ल्यात किती माणसे अंथरुणावर आहेत आणि त्यांपैकी किती घरांतली मुले-मुली शाळा सोडून घरी बसली आहेत, एवढेच लिहावे. हा आकडा शाळेइतका दुसऱ्या कोणाला नीट मिळणार नाही. मसुदा नववी-दहावीच्या वर्गांनी मराठीच्या तासाला लिहावा, शिक्षकांनी तपासावा, ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि दिल्यावर शिक्क्यासह पोच घेऊन ती संस्थेच्या कार्यालयात ठेवावी.